चिंगीचं स्थळ

आपण जुळवलेलं एक तरी लग्न मोडलंय असं दाखवा, मिशी उतरवून देतो, असं वेणीमाधवराव अख्ख्या शुक्रवार पेठेला छातीवर हात मारून सांगत. मिशी त्यांना जन्मात नव्हती, ती गोष्ट वेगळी. पण एवढ्या ठसक्यानं बोलणाऱ्या माणसाच्या ओठावर खरंच काही आहे का, हे बघायचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं.

मुलींच्या शाळेत कारकुनी करता करता त्यांना हा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तर त्यांनी दारातल्या बाकावर दुकानच मांडलं. कुणाचा मुलगा पुण्यात चिकटला, कुणाची मुलगी बी.एड. झाली, कुणाच्या आत्याच्या जिभेला हाड नाही, सगळं यांना तोंडपाठ. मोबदला काही नाही, लग्नात पहिल्या पंगतीला पान तेवढं पाहिजे. आणि जिलबी गरम पाहिजे. नियम त्यांचे तीनच. घर बघावं, स्वभाव बघावा आणि पोरगं जेवतंय कसं ते बघावं. बाकीची सगळी फुकटची चिकित्सा.

उंची तर ते विचारतच नसत. मुलाकडच्या कुणी ‘मुलगी जरा ठेंगणी वाटते हो’ असं म्हटलं, की वेणीमाधवराव बाकावरून उठून उभे राहत. ते उभे राहिले की दाराच्या चौकटीला डोकं लागायचं. मग ते आत हाक मारत आणि दुर्गाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत. त्या नवऱ्याच्या कोपराला लागत, त्याही अंबाडा धरून. "आता बोला," असं म्हणून वेणीमाधवराव खाली बसत आणि त्यापुढे कुणी बोलत नसे.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट पेठेत अजून सांगतात. बघण्याच्या कार्यक्रमात दुर्गाबाई लांब निऱ्यांची साडी नेसून उभ्या होत्या, आणि निऱ्यांखाली होता पाट. एक नाही, एकावर एक दोन. मुलगी खांद्याला लागते म्हणून वरमाय खूश. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा हार घेऊन उभ्या असलेल्या वेणीमाधवरावांना समोर फक्त भिंत दिसली. "मुलगी कुठंय?" त्यांनी भर मांडवात विचारलं. खालून आवाज आला, "हितं हाय की. वाका जरा." तेव्हा जे ते वाकले, ते पुढं सगळा संसार वाकूनच केला. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं सुखी जोडपं पेठेत दुसरं नव्हतं.

दोघांनी कामं वाटून घेतली होती. गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत दुर्गाबाईंना माणसांच्या पाठीच तेवढ्या दिसायच्या. त्या विचारायच्या, काय दिसतंय हो? हे वरून सांगायचे, मिरवणुकीतले उंच नंदीध्वज आले, पहिला आला, आता दुसरा वळला. आणि त्या खालून सांगायच्या, अहो, पायाखाली शेण आहे, कुणाची तरी चप्पल सुटलीय, तुमची नाडी लोंबतेय. वरचं यांनी बघायचं, खालचं तिनं. घरातही तेच. माळ्यावरचा डबा यांनी काढायचा. मागच्या फाटकाखाली फट पडलीय, तेवढी फळी ठोकून घ्या, हे तिनं सांगायचं. यांनी हो म्हणायचं आणि विसरायचं. फट काही त्यांच्या नजरेच्या टप्प्यात कधी आलीच नाही.

दुर्गाबाई गेल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली. मागं राहिली ती चिंगी. पांढरीशुभ्र, कापसाच्या गोळ्याएवढी पॉमेरियन कुत्री. दुर्गाबाईंनीच हट्टानं आणलेली. घरात आपल्यापेक्षा बुटकं कुणीतरी पाहिजे, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या चादरीची घडी करून कोपऱ्यात ठेवली होती, तिच्यावर चिंगी झोपायची. संध्याकाळी वेणीमाधवराव बाकावरून उठून आत आले की ती घडीवरूनच एक डोळा उघडून बघायची, आणि घर रिकामं नाही एवढं त्यांना कळायचं. त्यांना तेवढं पुरायचं. खोटं कशाला बोला, तेवढ्यावरच ते जगत होते.

एके दिवशी चादर उन्हात घालताना त्यांना आठवलं, दुर्गाची एक इच्छा राहिली. दवाखान्यात असताना ती म्हणाली होती, चिंगीला एकदा पिल्लं होऊ द्या, घर भरल्यासारखं वाटेल तुम्हाला. एवढी लग्नं जमवली आणि घरातली लेक तशीच राहिली! वेणीमाधवराव तसेच बाकावर येऊन बसले आणि चिंगीसाठी स्थळ बघायला लागले.

पेठेनं सुचवायला कमी केलं नाही. गल्लीच्या तोंडाशी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकायला मल्लव्वा बसायची. तिच्या टोपलीजवळ एक तपकिरी, आखूड पायांचं, एक कान मुडपलेलं कुत्रं असायचं. नाव शेंगा. मल्लव्वा म्हणाली, माझा शेंगा काय वाईट हाय? वेणीमाधवरावांनी नुसतं हसून घेतलं. घर नाही, दार नाही, दिवसभर टोपलीजवळ लोळायचं आणि उरलेलं चाटायचं. असल्या घरात पोरगी देतात होय? त्यांनी शेंगाला नापास केलं आणि वर एक कडक भाकरी विकत घेतली, म्हणजे संबंध बिघडायला नकोत.

मग टेंभुर्णीहून श्रीमंतचा फोन आला. श्रीमंतचे ट्रक होते, हायवेला मोठं घर होतं आणि त्याचं स्वतःचं लग्न याच बाकावर जमलेलं. त्याच्याकडे मेजर नावाचा ग्रेट डेन होता. वासराएवढा. चार पायांवर उभा राहिला तर टेबलावरचा पेपर वाचेल असा. पण स्वभावानं गरीब. कावळा ओरडला तरी श्रीमंतच्या पाठीमागं लपायचा. वेणीमाधवरावांनी तिन्ही प्रश्न विचारले. घर मोठं. स्वभाव शांत. जेवण? "काका, ते इचारूच नगा," श्रीमंत म्हणाला. "घमेलं लागतंय." झालं, स्थळ पसंत.

पुण्याहून उर्वीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, फोनवर चिंगीचा आणि मेजरचा फोटो शेजारी शेजारी लावून बघितला आणि ती किंचाळलीच. "बाबा, साईज बघितला का दोघांचा?"

"तुझी आई माझ्या कोपराला लागायची," वेणीमाधवराव शांतपणे म्हणाले. "तू झालीस ना?"

आणि उर्वी पुढं काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

आता खरी पंचाईत पुढेच आहे. श्रीमंतचं म्हणणं होतं की चिंगीला टेंभुर्णीला घेऊन यावं, मादीला नराकडं न्यायची पद्धत असते. वेणीमाधवरावांना हे ऐकूनच घाम फुटला. मुलगी दाखवायला मुलाकडं न्यायची? एवढ्या वर्षांत असलं काही आपण केलं नाही आणि घरच्या लेकीच्या बाबतीत तर मुळीच करणार नाही. मुलाकडच्यांनी यावं, पोहे खावेत, मुलगी बघावी. श्रीमंत हो-ना करत कबूल झाला. काकांपुढं बोलायचं म्हणजे बायकोपुढं बोलण्यासारखंच, दोन्हीकडं उपयोग नाही, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

ठरल्या दिवशी मेजर टेम्पोतून उतरला तेव्हा गल्लीतली सगळी माणसं ओट्यावर आली. चिंगीच्या गळ्यात मोत्याची माळ होती. मेजरनं तिच्याकडे बघितलं, मग वेणीमाधवरावांकडे बघितलं, मग पोह्यांकडे. पोहे त्यानं परातीसकट संपवले. वेणीमाधवरावांना मुलगा फार आवडला.

पुढं काय करायचं हे मात्र कुणालाच नीट माहीत नव्हतं. वेणीमाधवराव म्हणाले, दोघांना मागच्या अंगणाकडच्या खोलीत सोडू, एकमेकांशी ओळख होऊ दे. श्रीमंत म्हणाला, जवळ उभं राहावं लागतं म्हणत्यात. "काहीतरीच काय!" वेणीमाधवराव कानापर्यंत लाल झाले. "आपण वडीलधारी माणसं. तिथं काय उभं राहायचं?" असं म्हणून त्यांनी खोलीचं पुढचं दार ओढून घेतलं. अंगणातलं उघडंच ठेवलं, वारा यायला. मग दोघंही पुढच्या बाकावर चहा पीत बसले, ऊस आणि पाऊस यांवर बोलत, मागच्या बाजूला चुकूनसुद्धा न बघता.

बऱ्याच वेळानं खाकरत, बांगड्या असत्या तर वाजवत, अशा बेतानं वेणीमाधवरावांनी दार उघडलं. चिंगी पलंगावर बसली होती. मेजर पलंगाखाली होता, म्हणजे जेवढा मावला तेवढा. दोघंही अगदी शांत. वेणीमाधवरावांनी हा शांतपणा अनेक नव्या जोडप्यांत पाहिला होता. जमलं म्हणाले. श्रीमंतला पेढ्यांचा पुडा देऊन त्यांनी व्याही म्हणून मिठी मारली आणि दुर्गाबाईंच्या फोटोला सांगितलं, झालं बघ तुझ्या मनासारखं.

काही आठवड्यांत चिंगीचं पोट दिसायला लागलं. वेणीमाधवरावांनी लगोलग पेठेतल्या बायकांना डोहाळजेवणाचं आमंत्रण दिलं आणि ताकदीचं काहीतरी औषध आणावं म्हणून ते चिंगीला पिशवीत घालून डॉक्टर भार्गवीकडे गेले. भार्गवी जनावरांची डॉक्टर. तिच्या आईवडिलांचं लग्नही यांनीच जमवलेलं, म्हणून ती त्यांना काका म्हणायची. पेढा तोंडात टाकत तिनं सहज विचारलं, जावई कुठला? वेणीमाधवरावांनी अभिमानानं मोबाइलमधला फोटो दाखवला. भार्गवीचा पेढा घशातच अडकला.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. मग हळूहळू, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. एवढा मोठा नर एवढ्याशा मादीवर गेला तर तिची पाठ, तिची कंबर जायबंदी होऊ शकते. ती वाचली तर पुढचं संकट मोठं.

"काका, पिल्लं बापावर गेली तर पोटात मोठी होतात. डोकी मोठी आणि हिची वाट एवढीशी. अडतात. मग पोट फाडून काढावी लागतात. कधी पिल्लं जातात." ती थांबली. "कधी आई जाते."

पिशवीतून चिंगीचं तोंड तेवढं बाहेर आलं होतं आणि ती वेणीमाधवरावांचा अंगठा चाटत होती.

"संबंध झालेला बघितला का तुम्ही?" भार्गवीनं विचारलं.

"दार लावलं होतं," ते म्हणाले. भार्गवीनं कपाळाला हात लावला.

सोनोग्राफीत पिल्लं दिसली. किती मोठी होतील ते आत्ता सांगता येत नाही, ती म्हणाली. आधी आला असतात तर वेगळं काही करता आलं असतं. आता शेवटी एक्स-रे काढू, डोकी मोजू, ऑपरेशनची तयारी ठेवू. माणसाचं वेगळं असतं काका, उंच बाप नि ठेंगणी आई असली तरी एवढा फरक कुठं असतो? तुम्ही घोड्याचं आणि शेळीचं लग्न लावलंत.

त्या दिवशी वेणीमाधवराव बाकावर बसले नाहीत. एका मुलीकडचे लोक येऊन दार वाजवून परत गेले. ते आत चादरीच्या घडीशेजारी जमिनीवर बसून राहिले, एवढा उंच माणूस गुडघे पोटाशी घेऊन. दुर्गाची शेवटची आठवण, तिच्याच इच्छेच्या नावाखाली, आपल्याच हातानं मारायला काढली. आणि तीही पोहे खाऊ घालून. रडू आलं तेव्हा त्यांनी ते आवरलं नाही.

डोहाळजेवणाचं आमंत्रण मात्र परत घ्यायचं राहूनच गेलं. ठरल्या दुपारी पेठेतल्या बायका हिरवी रिबीन, हिरव्या बांगड्या आणि डबे घेऊन हजर. यजमान दारात डोळे पुसतायत हे बघून त्यांना वाटलं, दुर्गाबाईंची आठवण आली असेल. मग त्याही रडल्या. रडून झाल्यावर जेवल्या. श्रीमंत टेंभुर्णीहून मेजरला घेऊन माफी मागायला आला, त्यालाही पान वाढलं. त्याला फोनवर सगळं कळलं होतं आणि तो वेणीमाधवरावांच्या गळ्यात पडून म्हणाला, माज्या पोराच्या हातून लई वंगाळ झालं काका. मेजर मान खाली घालून उभा होता. त्याची नजर पुरणपोळीवर होती, पण बायकांना वाटलं बिचारा शरमला.

मल्लव्वाही भाकऱ्या घेऊन आली, तिच्यामागून शेंगा. सगळे पुढं रडत-जेवत असताना शेंगा सरळ मागच्या अंगणात गेला आणि चिंगीच्या शेजारी जाऊन बसला. चिंगी त्याचा मुडपलेला कान चाटत होती. वेणीमाधवरावांनी ते बघितलं आणि सगळा राग त्याच्यावर काढला. पोटुशी पोरगी आहे, तिला छळतोस! पायातली चप्पल काढून त्यांनी त्याला हाकललं. तो कुठून निसटला ते त्यांना दिसलंसुद्धा नाही. मल्लव्वा मात्र दुखावली आणि टोपली उचलून चालती झाली.

शेवटी एक्स-रेचा दिवस आला. वेणीमाधवराव चिंगीला त्या चादरीतच गुंडाळून घेऊन गेले. भार्गवीनं फिल्म उजेडापुढं धरली. मग पट्टी लावून एकेक डोकं मोजलं. वेणीमाधवरावांनी डोळे मिटून घेतले होते.

"काका, ही डोकी छोटी आहेत."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"अगदी हिच्या मापाची आहेत. अडायचं काही कारण दिसत नाही. मला सांगा, मेजर आला होता तेव्हा नेमकं काय झालं?"

त्यांनी सांगितलं. पोहे, दार, चहा, पलंग. पलंगाखाली मेजर होता म्हटल्यावर भार्गवी हसायला लागली, ती थांबेचना. नर नव्या जागी बावरतो, ती म्हणाली, म्हणून तर मादीला नराकडं नेतात. त्यात हा जन्माचा भित्रा. तुम्ही मुलाकडच्यांनाच यायला लावलंत म्हणून पोरगी वाचली. सगळा वेळ तो पलंगाखाली बसला असणार, काका. हिला शिवलासुद्धा नसेल.

"मग ही कुणाची?" वेणीमाधवरावांनी पोटाकडे बोट दाखवलं.

"ते मला काय विचारता?" भार्गवी म्हणाली. "तुमची लेक आहे, तिलाच विचारा."

चिंगी एका सकाळी घरीच, अंगणाकडच्या खोलीत बाळंत झाली, त्याच चादरीवर. भार्गवी बाजूला बसून होती, पण तिला हात लावावा लागला नाही. तीन पिल्लं. वेणीमाधवराव गुडघ्यांवर बसून, पार जमिनीला नाक लावून बघत होते. तिन्ही पिल्लं तपकिरी होती, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची. पाय आखूड. कान अजून मिटलेले, पण एकाच्या कानाला आत्ताच एक मुडप दिसत होती.

आणि तसेच जमिनीला टेकलेले असताना, आयुष्यात पहिल्यांदाच, वेणीमाधवरावांना उघड्या दारातून मागच्या फाटकाखालची फट दिसली. चांगली वीतभर होती. कडा येण्याजाण्यानं गुळगुळीत झालेल्या, तपकिरी केस चिकटलेले. त्या फटीतून एक नाक आत आलं, मग एक मुडपलेला कान, मग सगळा शेंगा. चपलेच्या भीतीनं तो तिथंच थांबला.

वेणीमाधवरावांनी या वेळी चपलेकडे हात नेला नाही. किती वर्षं दुर्गा सांगत होती, फळी ठोकून घ्या. आपण वरचं सगळं बघितलं, घर, स्वभाव, घमेलं. खालून कोण येतंय जातंय ते बघायचं काम तिचं होतं, आणि ती असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, अहो, मुलीनं ठरवलंय, वाका जरा. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

संध्याकाळी ते स्वतः मल्लव्वाकडे गेले. मल्लव्वा टोपलीमागं राणीसारखी बसली होती, बातमी तिला केव्हाच लागलेली.

"माज्या पोराला चपलीनं हाकललंत," ती म्हणाली. "आता मी ईहीण हाय. मानपान करा की."

वेणीमाधवरावांनी तिला खण-नारळ दिला, पेढे दिले आणि घरी नेऊन पिल्लं दाखवली. श्रीमंतला फोन करून कळवलं, मेजर निर्दोष आहे. श्रीमंत सुटला, पण घोड्यासारखा पोरगा शेंगापुढं हरला म्हणून जरा खट्टूही झाला. मुडपलेल्या कानाचं पिल्लू मोठं झालं की मेजरला सोबत म्हणून द्यायचं ठरलं. भार्गवीनं चिंगीची पुढची बाळंतपणं बंद करायचं ऑपरेशनही ठरवून टाकलं, तारखेसकट, कारण काकांवर आता तिचा भरवसा नव्हता.

वेणीमाधवराव पुन्हा बाकावर बसू लागले. हल्ली ते मिशी उतरवायची भाषा करत नाहीत. कुणी मुलीची माहिती घेऊन आलं, की सगळं ऐकून घेतात, आणि मग हळूच विचारतात, मुलीचं स्वतःचं कुठं काही ठरलंय का ते आधी बघितलंत का?

आठवड्याभरापूर्वी उर्वीनं पुण्याहून फोन करून सुतार पाठवला. पिल्लं फटीतून रस्त्यावर जातील, फळी ठोकून घ्या बाबा, म्हणाली. अगदी आईच्या आवाजात. सुतारानं माप घेतलं, फळी कापली आणि ठोकायला वाकला. वेणीमाधवरावांनी त्याचा हात धरला.

"खोलीच्या दाराला लाव ती, पिल्लं आत राहतील," ते म्हणाले. "इथं नको. जावयाची जायची-यायची वाट आहे."